चार थरांचा ठरलेला साचा आणि परतीची वाट

संगणकाचा मदरबोर्ड हातात घेतला की त्यावर तांब्याच्या बारीक रेघांचे जाळे दिसते. हे जाळे फक्त वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरचे. काचतंतू आणि इपॉक्सी यांच्या पोटात तांब्याचे आणखी दोन, चार किंवा त्याहूनही अधिक थर दडलेले असतात. साध्या चार थरांच्या बोर्डाची एकूण जाडी सहसा असते जेमतेम १.६ मिलिमीटर. तेवढ्या जाडीत कोणता थर कुठे ठेवायचा, हा निर्णय रेघा आखण्याच्या आधी घ्यावा लागतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा घेतलाच जात नाही. आधीच्या बोर्डावरून तो उतरवून काढला जातो.

चार थरांचा रूढ साचा असा : पहिला थर सिग्नलच्या रेघांचा, दुसरा ग्राउंडचा सलग पत्रा, तिसरा वीजपुरवठ्याचा सलग पत्रा आणि चौथा पुन्हा सिग्नलचा. या साच्याच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. मध्यापासून दोन्ही बाजूंना तांबे सारखे वाटले गेल्याने तापवल्यावर बोर्ड वाकण्याचा धोका कमी होतो. रेघा बाहेरच्या थरांवर असल्याने दुरुस्ती करताना त्या सापडतात. दोनच थरांच्या बोर्डापेक्षा गोंगाटही कमी होतो. तरीही हा साचा डोळे मिटून वापरण्यामागे जी समजूत आहे, ती चुकीची आहे. आणि तिचा उगम कारखान्यात नाही, आपल्या फळ्यावर आहे.

आपण आकृती काढतो तेव्हा सिग्नलची तार काळजीपूर्वक दाखवतो. परतीच्या तारेऐवजी मात्र तीन-चार ठिकाणी ग्राउंडची खूण काढून मोकळे होतो. विद्यार्थ्याला वाटते, वीज तिथे पोचली की संपली. पण मंडल पूर्ण झाल्याशिवाय प्रवाह नाही, हे आपणच सातवी-आठवीत शिकवलेले असते. मग त्या खुणेपासून प्रवाह परत कोणत्या वाटेने जातो?

‘कमीत कमी रोधाच्या वाटेने’ हे तयार उत्तर दिष्ट प्रवाहालाही पूर्णपणे लागू पडत नाही, कारण प्रवाह सगळ्याच वाटांत विभागला जातो. झपाट्याने बदलणाऱ्या सिग्नलला तर रोधापेक्षा विद्युतचुंबकीय प्रवर्तनाची अडचण मोठी असते. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांच्यामधले क्षेत्रफळ जितके लहान, तितकी ही अडचण कमी. म्हणून परतीचा प्रवाह पत्राभर पसरत नाही. तो रेघेच्या बरोबर खालून, सावलीसारखा चालतो. रेघ पत्र्यापासून ०.२ मिलिमीटर उंच असेल, तर परतीचा सुमारे ८० टक्के प्रवाह रेघेखालच्या १.२ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात असतो. हा पट्टा आकृतीत कोणीही काढत नाही, पण तो असतोच.

आता रूढ साचा या कसोटीला लावू. पहिल्या थरावरची रेघ ग्राउंडच्या जवळ आहे, तोवर सारे ठीक. पण तीच रेघ भोकातून चौथ्या थरावर उतरली की तिच्याजवळचा पत्रा वीजपुरवठ्याचा होतो. परतीच्या प्रवाहाला या पत्र्यावरून त्या पत्र्यावर जायचे आहे आणि दोघांत जोडणी नाही. दोन पत्र्यांचा मिळून कपॅसिटर होतो, तो वाट देईल, असे म्हटले जाते. बारावीचे सूत्र घेऊन पाहा. दोन पत्र्यांत सुमारे १.२ मिलिमीटर अंतर आणि पदार्थाचा परावैद्युतांक ४.३ धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला धारिता येते जेमतेम ३ पिकोफॅरड. अंतर ०.१ मिलिमीटर असते, तर ती बारापट झाली असती. म्हणजे कागदावर शेजारी असलेले हे दोन पत्रे प्रत्यक्षात शेजारी नाहीतच! प्रवाहाला मग जवळच्या सुट्या कपॅसिटरपर्यंत वळसा घालावा लागतो आणि त्या वळशाचे क्षेत्रफळ गोंगाट निर्माण करते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत तापमान मोजणारा चार थरांचा बोर्ड बनवला. संगणकाकडे माहिती पाठवणे सुरू झाले की तापमानाचे आकडे नाचू लागत. आम्ही संवेदक बदलला, धातूचे आवरण घातले, प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाला दोष दिला. तीन आठवडे गेल्यावर लक्षात आले, की माहितीची रेघ पहिल्या थरावरून चौथ्यावर उतरते तिथून सर्वांत जवळचा कपॅसिटर चार सेंटिमीटर दूर होता. परतीचा प्रवाह संवेदकाच्या अंगणातून फिरून येत होता. दुसऱ्या बोर्डात आतले दोन्ही थर ग्राउंडचे केले, वीजपुरवठा बाहेरच्या थरांवर रुंद पट्ट्यांनी नेला आणि सिग्नलच्या प्रत्येक भोकाशेजारी दोन ग्राउंड जोडणारे भोक दिले. आकडे स्थिर झाले. सर्किटच्या आकृतीत मात्र एकही रेघ बदललेली नव्हती. त्या मुलाची मी माफी मागितली.

याचा अर्थ जुना साचा टाकून हा नवा उचलावा असा नव्हे. अनेक व्होल्टेजे आणि मोठे प्रवाह लागणाऱ्या चिपांना रुंद पट्ट्या पुरत नाहीत. थर वाढवले की प्रश्न सुटतो, हेही खरे नाही. सहा थरांच्या बोर्डात दोन पत्रे मध्यभागी आणि दोन-दोन सिग्नल थर बाहेर ठेवले, तर सर्वांत बाहेरच्या रेघा पत्र्यापासून आणखी दूर जातात. प्रश्न दोनच आहेत : प्रत्येक सिग्नल थराला अगदी जवळ सलग पत्रा आहे का? आणि रेघ थर बदलते तिथे परतीचा प्रवाह कसा थर बदलतो?

हॉवर्ड जॉन्सन आणि मार्टिन ग्रॅहॅम यांच्या १९९३ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथाच्या उपशीर्षकात या विषयाला गमतीने ‘काळी जादू’ म्हटले आहे. ग्रंथ उत्तम आहे, पण ही गंमत मला खटकते. यात जादू कसली? ऊर्जा तारेच्या आतून नव्हे, तर तारांभोवतीच्या अवकाशातून वाहते, हे जॉन पॉइंटिंग यांनी १८८४ सालीच दाखवले होते. बोर्डाच्या आतल्या थरावर सिग्नल एका नॅनोसेकंदात सुमारे १४ सेंटिमीटर जातो. हा वेग तांबे नव्हे, तर तांब्याभोवतीचे इपॉक्सी आणि काच ठरवतात. थर निवडणे म्हणजे ही मधली जागा आखणे. जादू म्हटले की माणूस साचे पाठ करतो, भौतिकी म्हटले की प्रश्न विचारतो.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. दीड व्होल्टच्या सेलला मीटरभर लांबीच्या, आवरण असलेल्या दोन तारांनी छोटा बल्ब जोडा. सेलपाशी मंडलात एक कानस घ्या आणि एका तारेचे उघडे टोक तिच्यावर घासत राहा. तारांपासून वीतभर अंतरावर ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवा, मीडियम वेव्हवर, दोन केंद्रांच्या मधोमध. खरखर ऐकू येईल. आधी दोन तारा एकमेकींपासून लांब पसरून ऐका, मग एकमेकींभोवती पिळून ऐका. बल्ब दोन्ही वेळा सारखाच लुकलुकेल, खरखर मात्र पिळलेल्या तारांत कमी होईल. आकृती दोन्ही वेळा तीच. मग विद्यार्थ्यांनाच विचारा, बदलले काय? आणि पुढच्या वेळी फळ्यावर ग्राउंडची खूण काढाल, तेव्हा तिथून बोट उचलू नका. ते सेलपर्यंत परत न्या.