‘एकच प्याला’मधील यकृत : एक पुनर्वाचन

प्रास्ताविक

ठाण्याच्या नाट्यगृहाला राम गणेश गडकरी यांचे नाव आहे. 1978 साली सुरू झालेल्या या रंगायतनात आणि पुढे कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात, डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात मराठी नाटकाचा मोठा प्रेक्षकवर्ग घडला. या वर्गाच्या मनात ‘दारू’ या विषयाची जी प्रतिमा आहे, तिच्या जडणघडणीत ‘एकच प्याला’चा वाटा मोठा आहे. 1919 साली, गडकरींच्या निधनानंतर लगेचच, गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. त्याची शोकात्मिका म्हणून समीक्षा पुष्कळ झाली. ते आजाराविषयी काय शिकवते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो यकृतविकाराच्या संदर्भात विचारला आहे.

विवेचन

सनद तहकूब झालेला सुधाकर वकील तळीरामाच्या आग्रहाने पहिला प्याला घेतो आणि घराचा नाश होतो. पुढे रामलालशी बोलताना तो दारू माणसाला पायरीपायरीने कशी कवेत घेते हे सांगतो आणि सुटकेची एकच जागा दाखवतो : पहिला प्याला ओठांना लागण्यापूर्वीची. नाट्यदृष्ट्या हा सिद्धांत प्रभावी आहे. वैद्यकीय दृष्ट्या तो अर्धाच खरा आहे.

यकृताचा विकारही पायरीपायरीनेच वाढतो. अतिमद्यपान करणाऱ्या बहुसंख्यांच्या यकृतात चरबी साठते, काहींत दाह होतो, त्यांतील काहींत तंतू वाढून शेवटी सिरोसिस होतो. पण पहिल्या पायरीवर दारू पूर्ण थांबवली तर यकृत बहुधा पूर्ववत होते. पुढच्या पायऱ्यांवरही दारू सोडल्याने आयुष्य वाढते. म्हणजे शरीर परतीची वाट बराच काळ उघडी ठेवते. नाटक ती पहिल्याच घोटाला बंद करते.

याचे एक कारण काळाच्या मापात आहे. सिरोसिसला बहुधा दहा-वीस वर्षे लागतात आणि त्यातील बराच काळ रुग्णाला काहीच जाणवत नाही. कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी ही लक्षणे उशिरा येतात. असा मूक अवयव रंगभूमीला मानवत नाही. म्हणूनच सुधाकराचा अंत यकृताने होत नाही, विषाने होतो. आजारपण येते ते तळीरामाच्या वाट्याला, आणि तेथे डॉक्टर व वैद्य यांच्या वादाने प्रसंग विनोदी होतो. प्रेक्षक वैद्यकावरील उपहास लक्षात ठेवतो, रोग विसरतो. ‘काळीज’ हा शब्द मुळात यकृताचाच, मटणाच्या दुकानात ‘कलेजी’ म्हणून तो अर्थ टिकून आहे. आपल्या रंगभूमीने काळीज पिळवटून दाखवले, यकृत मात्र झाकलेच राहिले.

या झाकण्याची किंमत आज मोजावी लागते. यकृताचा आजार म्हणजे दारूचे फळ, ही समजूत घट्ट झाली. ज्याने आयुष्यात थेंबही घेतला नाही त्याला ‘फॅटी लिव्हर’ म्हटले की तो अहवाल लपवतो. पहाटे लोकल पकडून दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आणि रात्री उशिरा जेवणाऱ्या आपल्या परिसरातील मध्यमवर्गाला लठ्ठपणा व मधुमेहातून येणारा हा विकार परका नाही. 2023 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी त्याच्या नावातील ‘मद्याविना’ ही नकारात्मक ओळख काढून चयापचयाशी नाते सांगणारे नाव स्वीकारले. त्यामागे हा कलंकही होता. ‘ब’ आणि ‘क’ प्रकारचे विषाणू तर चारित्र्य पाहतच नाहीत. पहिल्यावर लस आहे. दुसरा बहुसंख्य रुग्णांत सुमारे बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि 2018 च्या राष्ट्रीय कार्यक्रमात या तपासण्या व औषधे मोफत ठेवली आहेत. परंतु लाजेने तपासणीच टाळणाऱ्याला याचा उपयोग नाही.

तथापि गडकरींना केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्याच नाटकात सुधाकर एकदा दारू सोडण्याचा निश्चय करतो, काम मागायला दारोदार जातो आणि पूर्वलौकिकामुळे हाकलला जातो. तो पुन्हा प्याल्याकडे वळतो तो या अपमानानंतर. म्हणजे परतीची वाट होती. ती समाजाने अडवली. सिद्धांत सुधाकराच्या तोंडी आहे, त्याचे खंडन नाटकाच्या कृतीत आहे. आपण वर्गात संवाद शिकवतो आणि ही कृती ओलांडून जातो.

निष्कर्ष

‘एकच प्याला’ शिकवताना भर पहिल्या प्याल्यावरून या नाकारलेल्या दारांवर आणावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. समोरच्या बाकावरील एखाद्या विद्यार्थ्याचे वडील आज सुधाकराच्या जागी असू शकतात. ‘आता उपाय नाही’ हे वाक्य त्याने घरी नेले, तर ती नाटकाची शिकवण नव्हे, आपल्या वाचनाची चूक ठरेल. रक्ताची साधी तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घेण्याइतका धीर त्याने घरी नेला, तर शंभर वर्षांपूर्वीच्या या नाटकाचे वाचन सार्थकी लागले असे म्हणता येईल.