‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ : प्रेक्षकमतांची चिकित्सा

प्रस्तावना

अल्प खर्चात तयार झालेल्या भयपटाविषयी सामान्य प्रेक्षक जी मते व्यक्त करतो, त्यांना चित्रपटसमीक्षेत सहसा गांभीर्याने घेतले जात नाही. ‘भीती वाटली’, ‘किळस आली’, ‘अभिनय कच्चा आहे’, ‘शेवट पटला नाही’ ही विधाने केवळ वैयक्तिक रुचीची द्योतक मानली जातात. तथापि एकाच कलाकृतीविषयीची मते काही वर्षांतच आमूलाग्र पालटतात, तेव्हा ती मतेच अभ्यासाचा विषय ठरतात. जॉर्ज ए. रोमेरो यांनी दिग्दर्शित केलेला ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा १९६८ चा अमेरिकन चित्रपट या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. प्रदर्शनाच्या वेळी त्याची विकृत म्हणून संभावना झाली. १९९९ मध्ये मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदपटात जतनयोग्य कृती म्हणून त्याचा समावेश झाला. या दोन टोकांमधील अंतर कशामुळे निर्माण झाले, याची चिकित्सा प्रस्तुत निबंधात केली आहे.

निर्मितीची पार्श्वभूमी

हा चित्रपट हॉलिवूडच्या निर्मितीव्यवस्थेबाहेर, पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहराच्या परिसरात तयार झाला. रोमेरो आणि त्यांचे सहकारी तेथे जाहिरातपट तयार करीत असत. ‘इमेज टेन’ या नावाने एकत्र येऊन त्यांनी भांडवल उभे केले. एकूण खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलर इतका झाला. चित्रीकरण कृष्णधवल होते. रक्तासाठी चॉकलेटचा पाक वापरण्यात आला आणि संगीत तयार ध्वनिसंग्रहातून घेण्यात आले. कार्ल हार्डमन आणि मॅरिलिन ईस्टमन यांच्यासारख्यांनी अभिनयाबरोबर निर्मितीतील इतर कामेही सांभाळली.

कथानक साधे आहे. अचानक उठून चालू लागलेली प्रेते जिवंत माणसांचे मांस खाऊ लागतात आणि एका शेतघरात सात माणसे अडकून पडतात. शुक्राकडे पाठविलेल्या यानातून आलेल्या किरणोत्साराचा उल्लेख होतो, परंतु त्याला ठाम दुजोरा मिळत नाही. आपल्या लोककथांतील मुंजा, हडळ यांच्या मागे अपुरी इच्छा, अन्याय किंवा शाप असतो. त्यामुळे त्यांच्यावर उतारा संभवतो. रोमेरोंच्या प्रेतांना भुकेपलीकडे काहीच नाही. त्यांची समजूत घालता येत नाही आणि त्यांचे ऋणही फेडता येत नाही. प्रेक्षकाच्या अस्वस्थतेचे पहिले मूळ येथे आहे.

पहिल्या प्रेक्षकांची मते

१ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्ग येथे चित्रपटाचा पहिला खेळ झाला. त्याच महिन्यात ‘व्हरायटी’ या व्यावसायिक नियतकालिकाने त्यातील क्रौर्याचा तीव्र निषेध केला आणि निर्माते, वितरक व एकंदर चित्रपटव्यवसाय यांच्या नीतिमत्तेविषयीच प्रश्न उपस्थित केला. डिसेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये व्हिन्सेंट कॅन्बी यांनी हौशी नटांचा एक खरखरीत लहानसा चित्रपट म्हणून त्याची थोडक्यात बोळवण केली.

रॉजर ईबर्ट यांचा जानेवारी १९६९ मधील लेख याहून वेगळा आहे. त्यांनी मुख्यतः चित्रपटगृहातील मुलांचे वर्णन केले. दुपारच्या खेळाला नेहमीप्रमाणे मौजेची भीती अनुभवण्यास आलेली मुले आरंभी ओरडत आणि हसत होती, पुढे ती एकदम शांत झाली. जवळच बसलेली सुमारे नऊ वर्षांची एक मुलगी स्तब्धपणे रडत होती. अमेरिकन चित्रपटांची वयोगटानुसार वर्गवारी १ नोव्हेंबर १९६८ पासून अमलात आली. हा चित्रपट त्याआधी प्रदर्शित झाल्याने मुलांना अडविणारी कोणतीही तरतूद नव्हती. ईबर्ट यांचा रोख चित्रपटाच्या गुणवत्तेपेक्षा, मुलांना अशा खेळाला बसू देणाऱ्या प्रौढांवर होता. पुढील काळात मात्र हा लेख चित्रपटाचा निषेध म्हणूनच पुष्कळदा उद्धृत झाला. एका प्रेक्षकगटाविषयीचे निरीक्षण कलाकृतीविषयीचा निवाडा म्हणून कसे वाचले जाते, याचे हे उदाहरण होय.

भय, जुगुप्सा आणि रसविघ्न

भारतीय रसविचाराच्या साहाय्याने हा फरक अधिक स्पष्ट करता येतो. भरतमुनींनी भयानक आणि बीभत्स हे दोन स्वतंत्र रस मानले आणि भय व जुगुप्सा हे त्यांचे स्थायीभाव सांगितले. लौकिक भय आणि भयानक रस यांत मूलभूत अंतर आहे. आस्वादासाठी साधारणीकरण आवश्यक असते. समोरचे संकट स्वतःवरच कोसळत आहे असे वाटू लागले की आस्वाद खुंटतो. अभिनवगुप्तांनी रसविघ्नांची चर्चा करताना याच बाबीकडे लक्ष वेधले आहे. रडणाऱ्या मुलीच्या बाबतीत हे विघ्नच उपस्थित झाले होते. तिची भीती खरी होती, परंतु ती लौकिक होती.

प्रौढ समीक्षकांचा आक्षेप निराळ्या स्वरूपाचा होता. तत्कालीन भयपटाच्या संकेतानुसार अखेरीस राक्षस नष्ट होतो आणि व्यवस्था पूर्ववत होते. येथे तो दिलासा नाकारला आहे. तळघरातील आजारी मुलगी मरते, उठते, बापाचे मांस खाते आणि आईला खुरप्याने मारते. कुटुंब हेच जेथे सुरक्षित मानले जाते, तेथेच जुगुप्सा निर्माण होते. ‘किळस आली’ हे मत म्हणून चुकीचे नाही. ती किळस केवळ मांसाची आहे की एका श्रद्धेच्या पतनाची, याचा शोध मात्र पहिल्या समीक्षकांनी घेतला नाही.

निर्धनता : दोष की गुण?

‘पैसा नव्हता म्हणून परिणाम साधला’ असे या चित्रपटाविषयी आदराने म्हटले जाते. हे विधान सावधपणे स्वीकारले पाहिजे. पैशाच्या अभावातून आपोआप कला निर्माण होत नाही, आणि चित्रपटातील काही संवादफेक खरोखरच सदोष आहे. तथापि कृष्णधवल चित्रण, अपरिचित चेहरे आणि दूरचित्रवाणीवरील बातम्यांची रचना यांमुळे कथेला वृत्तपटाचे रूप येते. बातमीदाराची भूमिका तर पिट्सबर्गच्या दूरचित्रवाणीवरील परिचित निवेदक बिल कार्डिल यांनीच केली. अभावाला योग्य आशय लाभला म्हणून तो गुण ठरला, एवढेच म्हणणे न्याय्य होईल.

आणखी एका बाबीचा विचार आवश्यक आहे. चित्रपटाचे शीर्षक प्रदर्शनापूर्वी बदलले गेले, तेव्हा स्वामित्वहक्काची सूचना गळाली. परिणामी तत्कालीन अमेरिकन कायद्यानुसार चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. निर्मात्यांचे आर्थिक नुकसान झाले, परंतु चित्रपट सर्वत्र पोहोचला. अनेक प्रेक्षकांनी तो निकृष्ट प्रतींवर पाहिला आणि त्या प्रतींचा अंधूकपणा दिग्दर्शकाच्या खाती जमा केला. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ‘द फिल्म फाउंडेशन’च्या सहकार्याने मूळ निगेटिव्हवरून पुनर्संस्कारित प्रत सिद्ध केली. तेव्हा छायाप्रकाशाची योजना किती नेमकी होती हे स्पष्ट झाले. प्रेक्षकाचे मत कोणत्या प्रतीवर आधारलेले आहे, हा प्रश्नही समीक्षेच्या कक्षेत येतो.

बेन आणि अखेरचे दृश्य

बेन या नायकाची भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केली. संवादांत त्याच्या वर्णाचा एकदाही उल्लेख नाही. निवडीच्या वेळी त्यांचेच वाचन सर्वोत्तम ठरले, असे रोमेरो यांनी वारंवार सांगितले. मात्र रात्रभर झुंजलेल्या बेनला सकाळी शस्त्रधारी गोऱ्यांची टोळी प्रेत समजून गोळी घालते. आकड्यांनी ओढलेला त्याचा देह खरखरीत स्थिरचित्रांतून दिसतो. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. त्या वर्षीच्या प्रेक्षकाला ही चित्रे निव्वळ कथेचा भाग वाटणे कठीण होते. दिग्दर्शकाचा हेतू आणि कृतीचा अर्थ एकरूप असतातच असे नाही, हे येथे प्रकर्षाने जाणवते.

तरीही रूपकाच्या आहारी गेलेल्या उत्तरकालीन प्रेक्षकमतालाही एक मर्यादा आहे. त्यात बेन निर्दोष आणि त्याचा प्रतिस्पर्धी हॅरी कूपर केवळ खलप्रवृत्त ठरतो. प्रत्यक्षात तळघरातच राहावे हा आग्रह हॅरीचा होता. बेन तो धुडकावतो, पुढे हॅरीला गोळी घालतो आणि अखेरीस त्याच तळघरात शिरून रात्र काढतो. सद्गुणी माणसाचा निर्णय चुकतो आणि तिरस्करणीय माणसाचा सल्ला बरोबर ठरतो. ही विसंगती केवळ वर्णभेदाच्या चौकटीत मावत नाही, परंतु तीमुळे त्या चौकटीचे महत्त्वही कमी होत नाही. माणसे एकमेकांचे ऐकत नाहीत म्हणून नाश पावतात आणि जो उरतो त्याला व्यवस्था ओळखत नाही, असे हे दुहेरी शोकपर्यवसान आहे.

समारोप

१९७० च्या दशकारंभी मध्यरात्रीच्या खेळांना येणाऱ्या तरुण प्रेक्षकांनी या चित्रपटाला नवे आयुष्य दिले. मांसभक्षक प्रेतांची ही प्रतिमा पुढे जगभर रूढ झाली. ‘गो गोवा गॉन’ (२०१३) हा हिंदी आणि ‘झोंबिवली’ (२०२२) हा डोंबिवलीच्या पार्श्वभूमीवरील मराठी चित्रपट याच परंपरेतून आले. मात्र या दोहोंनी भयाला विनोदाची जोड दिली. रोमेरोंनी नाकारलेला दिलासा त्यामुळे काही अंशी परत आला.

पहिल्या प्रेक्षकाने क्रौर्य पाहिले, नंतरच्या प्रेक्षकाने समाज पाहिला. दोन्ही गोष्टी चित्रपटात आहेत. म्हणून पहिल्या मताला अडाणी आणि दुसऱ्याला प्रगल्भ ठरविणे योग्य होणार नाही. सामाजिक अर्थ हाती लागल्यावर जो प्रेक्षक किळस विसरतो, तो चित्रपटाचा अर्धाच भाग पाहतो. लिखित स्वरूपात उरलेली मतेही मुख्यतः समीक्षकांची आहेत. दुपारच्या खेळातील मुलांची साक्ष मात्र एका प्रौढाच्या लेखणीतून आली, म्हणूनच ती टिकली. प्रेक्षकमताचा अभ्यास करताना काय म्हटले गेले याबरोबरच कोणाचे म्हणणे नोंदले गेले, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.