संत जनाबाईंच्या अभंगातील अपराधभावमुक्ती : एक चिकित्सा

प्रस्तावना :

परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव होय. बालपणीच त्या पंढरपुरास संत नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिल्या. शूद्र, स्त्री आणि दासी असे तिहेरी दुय्यमत्व त्यांच्या वाट्याला आले. त्यांच्या अभंगांचा विचार बहुधा भक्ती आणि वात्सल्य या अंगांनी झाला आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या एका अभंगाची चिकित्सा गायन-नर्तनातून साधणाऱ्या अपराधभावमुक्तीच्या दृष्टीने केली आहे.

विवेचन :

अपराधभाव दोन प्रकारचा असतो. एक स्वतःच्या कृतीतून उपजतो, तर दुसरा जन्म आणि लिंग यांच्या आधारे समाज लादतो. पहिल्यावर क्षमायाचना हा उपाय आहे. दुसऱ्यासाठी क्षमा मागणे म्हणजे आरोपच मान्य करणे होय. डोईवरचा पदर ढळू देऊन, टाळ-वीणा घेऊन बाजारात जाण्याचा निर्धार सांगणाऱ्या सुप्रसिद्ध अभंगात जनाबाई क्षमा मागत नाहीत. अडवणारा कोण, असे विचारतात.

या अभंगात नाचाचा थेट उल्लेख नाही. तथापि हाती टाळ व खांद्यावर वीणा हा कीर्तनाचा पवित्रा आहे आणि वारकरी कीर्तनात गाणे व नाचणे वेगळे काढता येत नाही. शिवाय जनाबाई स्वतःस वेश्या म्हणवतात. उघड्यावर गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रीस समाज जी शिवी देईल, ती त्यांनी आधीच उच्चारल्यामुळे तिची धार बोथट होते.

मात्र येथेच या मुक्तीची मर्यादाही जाणवते. जनाबाईंसाठी वेश्या हे रूपक आहे. १५ व्या शतकातील मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेसाठी ते जन्माने आलेले वास्तव होते. परंपरेनुसार गणिकेच्या पोटी जन्मलेल्या कान्होपात्रेने तो व्यवसाय नाकारला आणि बीदरच्या बादशहाचे बोलावणे येताच विठ्ठलचरणी देह ठेवला. जे गाणे-नाचणे एकीला बंधमुक्त करते, तेच दुसरीच्या वाट्याला बंधन म्हणून येते. म्हणजेच मुक्ती कलेत आपोआप नसते; ती कोणासाठी आणि कोणाच्या इच्छेने सादर होते, यावर ठरते.

निष्कर्ष :

जनाबाईंचे जाते सुटले नाही, दास्यही संपले नाही. परंतु त्याबद्दल वाटावयास लावलेली लाज त्यांनी टाळाच्या नादात झुगारली. अपराधाची क्षमा नव्हे, तर अपराधाच्या आरोपालाच नकार, हे या अभंगाचे खरे मोल होय.