वय मोजलं की काढलं? स्कल्प्टरच्या ताऱ्यांवरचा एक पेपर

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी सेमिनारमध्ये एक आलेख दाखवला. आडव्या अक्षावर ताऱ्यांचं वय, उभ्या अक्षावर मॅग्नेशियमचं लोहाशी प्रमाण. मागून प्रश्न आला, "हे वय कुठून आणलं?" मला उत्तर देता आलं नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितेय.

पेपर डी बोअर आणि सहकाऱ्यांचा, २०१२चा. विषय स्कल्प्टर, आपल्या आकाशगंगेच्या शेजारची बटू दीर्घिका. चिलीतल्या सेरो टोलोलोहून त्यांनी इतकी खोल फोटोमेट्री केली की सर्वांत जुन्या ताऱ्यांचा टर्न-ऑफसुद्धा दिसतो. वय खरं कळतं ते तिथेच, त्यामुळे हा भाग झकास आहे. निष्कर्ष असा, की तारे १४ ते ७ अब्ज वर्षांपूर्वी बनले, बहुतेक सुरुवातीलाच.

अडचण पुढे आहे. मॅग्नेशियम मुख्यतः मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटांतून लवकर येतं. टाइप १ए सुपरनोव्हा उशिरा येऊन लोह ओततात आणि आलेखाला 'गुडघा' पडतो. पेपर म्हणतो, हा गुडघा १०.९ ± १ अब्ज वर्षांपूर्वीचा. पण मूलद्रव्यं मोजलीत ती लाल राक्षसी ताऱ्यांची, आणि तिथे म्हातारा, कमी धातूंचा तारा आणि तरुण, जास्त धातूंचा तारा एकाच रंगाचे दिसू शकतात. मग वय कसं दिलं? आधी काढलेल्या इतिहासावरून कृत्रिम तारे बनवले आणि तेजस्विता, रंग, मेटॅलिसिटी जुळणाऱ्यांचं वय त्या ताऱ्याला लावलं.

आता नीट बघा. मेटॅलिसिटी म्हणजे इथे लोहच. ते उभ्या अक्षात आहे, आणि वयाच्या वाटेने आडव्या अक्षातही शिरलंय! म्हणजे तो गुडघा बऱ्याच अंशी लोहाच्या आलेखातलाच, फक्त वयाच्या भाषेत सांगितलेला. लेखकांनी पद्धत लपवलेली नाही, उलट सविस्तर दिलीय. मीच तो विभाग गाळून थेट आकृत्यांकडे गेले होते (तुम्हीही जाता, माहितीय).

हा नुसता काथ्याकूट नाही. २०२२ मध्ये दे लोस रेयेस आणि सहकाऱ्यांनी मूलद्रव्यांच्या प्रमाणांना मॉडेल बसवलं, तर ताऱ्यांची निर्मिती साधारण ०.९ अब्ज वर्षांतच आटोपली असं आलं. कुठे ६-७ अब्ज आणि कुठे हे! इतक्या जुन्या ताऱ्यांच्या वयात एखाद-दीड अब्ज वर्षांची चूक सहज होते, पण एवढी दरी तेवढ्याने भरत नाही.

त्यामुळे हल्ली मी हा आलेख आधी लोहाच्या अक्षावर काढते, वयाचा नंतर. आणि वयाच्या प्रत्येक ठिपक्याला एरर बार ठेवते, कितीही गचाळ दिसला तरी.