पडदा कधी सोडायचा

पुणे-सोलापूर महामार्गावरून जाणाऱ्यांना कासुर्डी ठाऊक असतं ते जुन्या टोलनाक्यामुळे. दक्षिणेला भुलेश्वरची डोंगररांग, उत्तरेला मुळा-मुठेकडे उतरत जाणारी उसाची रानं. पर्जन्यछायेचा हा मुलूख कालव्याच्या आणि विहिरींच्या पाण्यावर हिरवा राहिला. ऊस, टोमॅटो, कोबी, झेंडूच्या रोपांना गिऱ्हाईक वाढलं, तशा इथे रोपवाटिकाही उभ्या राहिल्या. त्यांतल्या लोखंडी पाइपांच्या, कंत्राटदाराकडून उभारून घेतलेल्या मोठ्या पॉलीहाऊसबद्दल मला इथे लिहायचं नाही. मला लिहायचं आहे विहिरीलगतच्या एका गुंठाभर हरितगृहाबद्दल. ते नवरा-बायकोने स्वतःच्या हातांनी बांधलंय, सुबाभळीच्या मेढी रोवून आणि बांबूचे वासे टाकून. कवितेचं रसग्रहण करताना आपण विचारतो, हा शब्द इथेच का आला? या घरालाही तोच प्रश्न विचारत गेलं तर मेढीपासून सुतळीच्या गाठीपर्यंत उत्तरं मिळत जातात.

मेढी सुबाभळीच्या आहेत, कारण ती बांधालाच मिळाली. या भागात सुबाभळीचा प्रसार हिरिरीने केला तो बाएफ संस्थेने. मणिभाई देसाईंनी १९६७ साली तिची स्थापना केली ती इथून जवळच, उरुळी कांचनला. तेव्हा जनावरांचा चारा म्हणून आलेलं झाड आता घराचा खांब झालंय. मेढीचा जमिनीत जाणारा भाग डांबरात बुडवून घेतलेला, कारण लाकूड कुजतं ते मातीच्या तोंडाशी. वासे मात्र मुद्दाम बांबूचे. लोखंडी पाइप उन्हात एवढा तापतो की त्याला टेकलेला प्लॅस्टिकचा कागद सगळ्यात आधी तिथेच फाटतो. बांबू तसा तापत नाही. तरी त्याची धार कागदाला कापू शकते, म्हणून जुन्या ठिबकची १६ मिलिमीटरची नळी उभी चिरून वाशावर बसवली आहे आणि कागद तिच्यावरून ताणला आहे. ही चिरलेली नळी मला सगळ्या बांधणीत फार आवडली. दोन हंगाम पाणी दिलेली, तोट्या बुजलेली, एरवी बांधाला गुंडाळून पडली असती अशी ती वस्तू. तिथे तिच्याहून योग्य काही विकत आणूनही मिळालं नसतं.

आढं दक्षिणोत्तर आहे. त्यामुळे वाशांची सावली दिवसभर पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत राहते आणि कुठल्याच वाफ्यावर मुक्काम करत नाही. दोन्ही पाखी आढ्यावर सारख्या उंचीला मिळत नाहीत. पश्चिमेकडचं पाखं दीड फूट वर चढून पुढे आलेलं, आणि त्याच्याखाली पूर्वेकडे तोंड करून लांबलचक फट ठेवलेली, किडी येऊ नयेत म्हणून बारीक जाळी लावून. आपल्याकडे पावसाळ्यातला जोराचा वारा पश्चिमेचा. तो पाख्यावरून चढून पलीकडे उतरताना फटीतली गरम हवा ओढून नेतो. पाऊस आत येत नाही. पंखा नाही, वीज नाही. हे काम करायला चांगल्या इंजिनिअरला कागद-पेन्सिल लागेल, पण ज्याने जन्मभर गोठ्याचं छप्पर शाकारलंय त्याला वाऱ्याची पाठ कुठली ते सांगावं लागत नाही.

इथे हरितगृहाचा सगळा प्रश्नच उलटा आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय या घराचं मोल कळत नाही. हरितगृह जन्मलं थंड देशांत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसभोवतीचे भाजीवाले घोड्याच्या ताज्या लिदीचा थर वाफ्याखाली घालून, वर काचेच्या घंटा पालथ्या ठेवून, ऐन हिवाळ्यात सॅलडची पानं पिकवत. उत्तर चीनमधले शेतकरी उत्तरेला मातीची जाड भिंत घालतात आणि दक्षिणेकडे उतरत्या कागदावर संध्याकाळी गवताच्या चटया सोडतात. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब परत देते. लडाखमध्येही अशाच भिंतीच्या आधाराने कडाक्याच्या थंडीत पालेभाजी येते. हे सगळं थोर आहेच. पण कासुर्डी साडेअठरा अक्षांशावर. इथे ऐन डिसेंबरातही दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, मे महिन्यात तर तो थेट डोक्यावर येतो. लडाखची भिंत इथे कोणी हौसेने बांधली तर तिचा उपयोग थोडा आणि अडचण फार. जानेवारीतल्या दुपारीसुद्धा बंद घरात पारा चाळिशी ओलांडतो. थंडी आहे ती पहाटेची. पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, टोमॅटोचं रोप जागच्या जागी थबकतं, मिरची रुसते. म्हणजे दुपारी उष्णता घालवायची आणि त्याच उष्णतेतली थोडी पहाटेसाठी राखायची, अशी दोन तोंडांची मागणी आहे.

त्यात कागदही दगा देतो. काच जमिनीची ऊब रात्री अडवून धरते. साधा पॉलिथिनचा कागद ती आभाळाकडे जाऊ देतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री नुसत्या कागदाच्या घरातला पारा कधी कधी बाहेरच्यापेक्षाही खाली जातो. ‘बंद केलं म्हणजे ऊब राहिली’ हा समज इथे खोटा ठरतो, आणि पुष्कळ नवखे शेतकरी पहिल्याच थंडीत हताश होतात ते याच ठिकाणी. मग कोणी आत शेकोटी पेटवतो. निफाडकडे द्राक्षबागांमध्ये थंडीच्या लाटेत शेकोट्या पेटवतात त्या मोकळ्या रानात. कोंडलेल्या जागेत धुरातला इथिलीन वायू टोमॅटोची पानं मुरडून टाकतो. लाकूड जातं, रोपही जातं.

या घरात शेकोटी नाही. इथे अख्खं घर तापवण्याचा विचारच सोडून दिला आहे, आणि माझ्या मते सगळ्या रचनेतला सर्वांत धीट निर्णय हाच. तापवायची ती फक्त रोपं. ट्रे बांबूच्या माच्यांवर आहेत आणि माच्यांखाली, वाटेच्या कडेने, पाण्याने भरलेले काळे ड्रम आडवे टाकलेत. सकाळी त्यांची पूर्वेकडची कूस तापते, दुपारनंतर पश्चिमेकडची. २०० लिटरचा एक ड्रम रात्रीतून १० अंशांनी निवला तर २,००० किलोकॅलरी उष्णता सोडतो, अर्ध्या किलो सुक्या लाकडाएवढी. गुंठाभर घराला ती कुठे पुरणार? म्हणून माच्यावर कामट्यांच्या कमानी उभ्या करून संध्याकाळी त्यांच्यावर जुन्या साड्या टाकतात, पार जमिनीला टेकेपर्यंत. आता ड्रमची ऊब आढ्याकडे न जाता दोन-अडीच फुटांच्या त्या पोकळीत, पानांपाशी राहते. आणि आभाळाकडे निघालेली उष्णता साडी अडवते. सांगोल्याकडे डाळिंबाची झाडं उन्हापासून वाचवायला साड्या पांघरतात. तीच साडी इथे थंडी अडवायला आली आहे. कमानींवरून उतरलेल्या त्या जांभळ्या, पोपटी, काठ विरलेल्या साड्यांखाली हात घातला की फरक तळव्याला कळतो.

आता पडद्याकडे येतो. बाजूचे पडदे पाइपावर गुंडाळलेले, हाताने फिरवून वर-खाली होणारे. सकाळी दहाच्या सुमाराला ते वर जातात. खाली कधी यायचे, हे मी घरच्या बाईंना विचारलं. वाटलं होतं, म्हणतील थंडी पडली की. त्या ट्रेवर झारीने पाणी घालत होत्या, थांबल्या नाहीत.

“उन्हं हायेत तवर सोडायचा बघा पडदा, दादा. उन्हं गेल्यावर सोडून काय कोंडणार?”

सूर्य मावळायला तासभर असतानाच पडदे उतरतात. त्या शेवटच्या तासात आतली हवा, माती, ड्रम पुन्हा एकदा तापतात, आणि तेच पहाटेचं भांडवल. लवकर सोडला तर रोपं उकडतात, उशिरा सोडला तर रिकामी हवा कोंडली जाते. श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांना उन्हाचा हिशेब मांडायला शिकवलं, त्या हिशेबातली ही एक रोजची नोंद. ड्रम, साड्या, कमानी हे सगळं चांगलंच आहे, पण पडद्याची वेळ चुकली तर त्यातलं काहीच कामाला येत नाही.

आणखी एक ऊब या घरात आहे, ती सूर्याचीही नाही. बी टोकलेले ट्रे लगेच माच्यावर मांडत नाहीत. कोकोपीट ओलं करून, एकावर एक रास रचून, जुन्या ताडपत्रीने चहूबाजूंनी गच्च झाकतात. उसाच्या एक डोळ्याच्या टिपऱ्यांचंही तसंच. आंब्याची अढी आतून गरम होते, तशी ही रासही होते; फुटू पाहणारा प्रत्येक डोळा श्वास घेतो, आणि श्वासाची ऊब ताडपत्रीत साठते. इथे सगळं लक्ष तिसऱ्या-चौथ्या दिवसावर. मधला ट्रे ओढून बघायचा. पहिले कोंब कोकोपीट उचलताना दिसले की रास त्याच दिवशी मोडायची. एक दिवस जास्त राहिली तर रोपं अंधारात लांबट, पांढुरकी होतात आणि पुढे कशानेही सुधारत नाहीत. जळण न लागणारी, शेताबाहेरून काही न मागणारी याहून स्वस्त ऊब मला माहीत नाही.

कच्ची बाजू आहे ती कागदाची. २०० मायक्रॉनचा, अतिनील किरणांना टिकणारा कागदही काही वर्षांनी धूसर होतो, चुरगळतो, बदलावाच लागतो. मेढ, वासा, सुतळी या शिवारातून येतात आणि शिवारातच जिरतात; कागद जिरत नाही. इथे उतरवलेला कागद रास झाकायला, मग पाचटाच्या ढिगावर, असा खाली खाली वापरला जातो. तरी शेवटी त्याचे तुकडे उरतात, आणि ते बांधाला जळताना मी या रस्त्यावर पाहिले आहेत. ते भंगारवाल्यापर्यंत नेण्याइतके स्वच्छ, मातीविरहित ठेवणं हे काम बांधणीइतक्याच निगुतीने व्हायला हवं.

आणि छपराचं पाणी. बाराशे चौरस फुटांच्या या पाख्यांवर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला तरी ५५,००० लिटर पाणी येतं. आज ते दोन्ही बाजूंना चर पाडत रानात जातं आणि मेढींच्या पायाशी साचतं, जिथे डांबर असूनही लाकूड आधी कुजणार. विहीर दहा पावलांवर आहे. सहा इंची पीव्हीसी पाइप मधून चिरून दोन्ही वळचणींना पन्हळ लावली आणि मधे वाळूची एक टाकी ठेवली, तर ते पाणी विहिरीत जाईल. बाई म्हणाल्या, यंदाच्या मिरगाआधी लावायची.