दातांच्या तक्त्यात हिरड्या कुठे आहेत?

शाळांच्या भिंतींवर लावला जाणारा दंतआरोग्याचा तक्ता बहुधा एकाच साच्यातला असतो. मधोमध हसरा पांढरा दात, शेजारी कुदळ घेतलेला किडा आणि खाली ‘दिवसातून दोनदा दात घासा’ हा उपदेश. चित्र मुलांना आवडते, उपदेशही चुकीचा नाही. तरीही या तक्त्यावर एक गंभीर आक्षेप घ्यावा लागतो. त्यात हिरडीच नसते. दात जणू अधांतरी उभा असतो.

ही उणीव किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार हिरड्यांच्या तीव्र रोगाचे, म्हणजे आपण ज्याला पायोरिया म्हणतो त्याचे, जगात शंभर कोटींहून अधिक रुग्ण आहेत. किडलेला दात ठणकतो आणि माणसाला दवाखान्यात नेतो. हिरड्यांचा रोग मात्र बहुधा न दुखता वाढतो. दाताला धरून ठेवणारे तंतू व हाड झिजत जातात आणि मुळीच न किडलेला दात हलू लागतो. झिजलेले हाड सहसा पूर्ववत भरून येत नाही. म्हणून ‘दुखले तर पाहू’ ही सवय येथे घातक ठरते.

दुसरा आक्षेप त्या किड्यावर. दातात किडा नसतो. असतो तो जीवाणूंचा चिकट थर. लेव्हेनहूकने स्वतःच्या दातांवरचा हा थर भिंगाखाली पाहून १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले होते. तीन शतकांनंतरही आपण किडाच रंगवत बसावे, हे विज्ञानशिक्षणाला शोभत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. तक्ता आज्ञा देतो, कारण सांगत नाही. कारण सांगणारा प्रयोग तर अगदी साधा आहे. १९६५ साली डेन्मार्कमधील हाराल्ड ल्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला लावले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला. सफाई पुन्हा सुरू करताच साधारण आठवडाभरात तो ओसरला. म्हणजे हिरडीतून रक्त येणे ही बहुधा साचलेल्या थराची खूण असते. लोक मात्र रक्त दिसले की तेथे ब्रश लावणेच सोडतात आणि रोगाला मोकळे रान मिळते. ‘रक्त येते तेथे हलक्या हाताने, पण नीट घासा, थांबले नाही तर दंतवैद्याला दाखवा’ एवढे एक वाक्य तक्त्यावर हवे होते.

जाहिरातींनी या गोंधळात भर घातली आहे. ब्रशभर पेस्टची लांब वळी दाखवून सारे श्रेय पेस्टला दिले जाते. फ्लोराइडयुक्त पेस्ट कीड रोखायला उपयोगी आहे, यात शंका नाही. पण हिरडीच्या कडेचा थर निघतो तो मुख्यतः ब्रशच्या केसांनी आणि घासणाऱ्याच्या धीराने.

अर्थात ‘घासले की सुटलो’ असेही नाही. ल्यो यांच्याच गटाने श्रीलंकेतील, दातांची निगा न घेणाऱ्या चहामळ्यांतील मजुरांची १९७० पासून १५ वर्षे पाहणी केली. सुमारे ८ टक्क्यांत रोग झपाट्याने वाढला, तर ११ टक्क्यांत तो हिरड्यांच्या दाहापुढे गेलाच नाही. शरीराची प्रतिक्रिया, मधुमेह, तंबाखू यांचाही वाटा असतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग झाकला जातो. केंद्र सरकारने १९९२ साली टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. पण चुलीवर तंबाखू भाजून घरीच केलेल्या मशेरीला अशी बंदी कशी रोखणार? महाराष्ट्रातल्या खेड्यात लावायच्या तक्त्यावर मशेरीचा उल्लेखही नसेल, तर तो कोणासाठी छापला, असा प्रश्न पडतो.

शिक्षकांना नव्या तक्त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दातांच्या फटीतला थर स्वच्छ काडीने काढून पाण्याच्या थेंबात मिसळावा आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून मोठ्या वर्धनाखाली पाहावा. हलणारे बारीक ठिपके दिसले, की किड्याचे चित्र आपोआप मागे पडेल. मग जुन्या तक्त्यावर त्या दाताभोवती गुलाबी खडूने हिरडी काढावी, आणि ती का काढली हे मुलांनाच विचारावे.