'माझी मैना': रूपकाआधीची कहाणी

शिराळ्याला लागून असलेल्या वाळवा तालुक्यातील वाटेगाव हे शाहीर अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांचे जन्मगाव. संयुक्त महाराष्ट्र चळवळीतील त्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड बहुधा रूपक म्हणूनच वाचली जाते: मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव-कारवारचा सीमाभाग. हे वाचन अपुरे आहे. पोटासाठी मुंबई गाठलेल्या गड्याचा विरह आधी खरा वाटतो; म्हणूनच पुढची राजकीय मागणी निव्वळ घोषणा ठरत नाही. अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री यांच्या 'डस्ट बाउल बॅलड्स'मध्येही (१९४०) विस्थापितच अनेकदा स्वतःची कहाणी सांगतो. मात्र तेथे आवाज एकट्याचा. येथे झीलकऱ्यांची साथ. छापील संहितेत नेमकी ती झीलच ऐकू येत नाही.